केरॅटिनची अपॉइंटमेंट घेण्याआधी

लातूर,
जुलै

चि. सई,



तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलले असते तर तू दोनदा "हो आत्या, बघते" म्हणाली असतीस आणि विषय तिथेच संपला असता, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. दादाच्या लग्नात करवली म्हणून मिरवायचं आणि डोकं पिंजारलेलं नको, हे तुझं म्हणणं मला पुरतं कळतं. पण पार्लरमधल्या बाईंनी तुझी बट चिमटीत धरून "किती राठ झालेत, केरॅटिन करून टाका" असं जे सांगितलं, ते निदानच मला मान्य नाही.

आपल्याकडचे केस नागमोडी आहेत. तुझे बाबा बारीक कापून घेतात म्हणून त्यांचे कळत नाहीत, पण तुझे, माझे आणि आजीच्या तरुणपणीच्या फोटोतले केस एकाच जातीचे. न्हाऊन आलीस की एकदा कंगवा न लावता आरशासमोर उभी राहा. कानापर्यंत केस सपाट दिसतील आणि त्याखाली एकेका बटेला सैल वळणं. हे वळण मुळातच ठरतं. ज्या रोमकूपातून केस उगवतो तो वाकडा असला की केस वळण घेऊनच बाहेर पडतो. आणि आपल्या घरात या केसांना वर्षानुवर्षं सरळ केसांचे नियम लावले गेले. न्हाऊन आल्यावर पंचाने खसाखसा पुसायचे, मग तोच पंचा केसांवर सपासप झटकायचा, वाळले की बारीक दातांच्या फणीने विंचरायचे आणि शाळेसाठी चापूनचोपून दोन वेण्या घालायच्या. सरळ केस हे सगळं सोसतात. नागमोडी केसांत मात्र शेजारशेजारचे केस मिळून वळले तरच बट दिसते. वाळलेल्या केसांतून फणी फिरली की ते सुटे होतात, जो तो आपल्या दिशेने वळतो, आणि त्यालाच आपण "राठ" म्हणून मोकळे होतो. माझं ठाम मत आहे की तुझ्या केसांचं निम्मं पिंजारलेपण कंगव्यातून आलेलं आहे.

उरलेलं निम्मं तू हॉस्टेलला राहतेस त्या मुंबईच्या हवेतून. मी इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा एवढं ऐकून घे. केस मुख्यतः केरॅटिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे गंधकाचे बंध पक्के असतात, ते पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे. पाणी लागलं की सुटतात आणि केस सुकताना ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री करतो तेव्हाही हेच घडतं, म्हणून दमट हवेत तिची घडी मोडते आणि सकाळी स्ट्रेटनर फिरवलेले केस दादर स्टेशनच्या पुलावर पोचेपर्यंत मूळ वळणावर येतात. हवेतली वाफ केसाला इतकी नेमकी कळते की जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्त द सोस्यूर यांनी १७८३ साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की केस लांबीला दोन-अडीच टक्के वाढतो, तेवढ्यावर त्याचा काटा हलायचा. पुढे वेधशाळांमध्ये अशी यंत्रं दीर्घकाळ वापरात राहिली. तुझ्या डोक्यावरचे लाखभर केस जुलैच्या मुंबईत हेच काम करताहेत. ते बिघडलेले नाहीत.

त्यात तू पाणीही बदललंस. आपल्या घरचं बोअरचं पाणी जड. शाम्पूला फेस येत नाही, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसून ते खरखरीत लागतात. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा इथलं तलावांचं पाणी येतं, ते त्या मानाने मऊ. म्हणजे लातूरला पाणी वाईट आणि हवा कोरडी, तर तिथे पाणी चांगलं आणि हवा दमट. इथे जेवढा शाम्पू ओतायचीस त्याच्या निम्म्यात तिथे भागेल, आणि इथून नेलेल्या बाटल्या तिथे कामाला येतीलच असं नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता केरॅटिन. पार्लरमधल्या त्या उपचाराला नाव केरॅटिनचं असलं तरी केस सरळ करण्याचं काम दुसरीच रसायनं करतात. बऱ्याच मिश्रणांत फॉर्माल्डिहाइड किंवा ते सोडणारा पदार्थ असतो, आणि दोनशे अंशांच्या वर तापवलेली इस्त्री त्यावरून फिरवली की त्याची वाफ तुझ्या आणि त्या पार्लरमधल्या मुलीच्या नाकातोंडात जाते. तिच्या तर दिवसभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं. "आमच्यात फॉर्माल्डिहाइड नाही" असं त्या बाई सांगतील. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २०१० साली कामगार सुरक्षा विभागाने तपासणी केली, तेव्हा "नाही" असं लेबल असलेल्या बाटल्यांतही ते सापडलं होतं. आणि ज्यात खरोखरच नसतं, त्यातल्या पुष्कळ मिश्रणांत ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ च्या मार्चमध्ये फ्रेंच डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीबद्दल लिहिलं. सलूनमध्ये असे केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडांना तीनदा इजा झाली होती. हे आम्ल कातडीतून शरीरात जातं, त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, हे त्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं. प्रत्येकीला असं होईल असं मी म्हणत नाही. पण करवलीचे केस चार तास सरळ दिसावेत यासाठी ही जोखीम तू घ्यावीस हे मला अजिबात पटत नाही, आणि ते मी तुला स्पष्ट सांगणार.

रिबाँडिंगचा विचार असेल तर तोही सोडून दे. त्यात ते गंधकाचे पक्के बंधच तोडून नव्याने जोडतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांनी कपाळाशी चार बोटं नागमोडी आणि खाली सपाट काड्या, असं दिसेल. मग एक तर पुन्हा करा, नाही तर कापा.

त्यापेक्षा न्हाण्याची पद्धत बदल. हॉस्टेलमध्ये बाथरूमबाहेर रांग असते हे मला माहीत आहे, म्हणून जेवढं जमण्यासारखं आहे तेवढंच सांगते. लोकलचा घाम आणि धूळ बघता आठवड्यातून दोनदा न्हा. तिसऱ्यांदा वाटलं तर नुसत्या पाण्याने. अंगाचा साबण केसांना लावू नकोस. तो अल्कधर्मी असतो आणि केसावरचे एकावर एक बसलेले बारीक खवले त्याने उचकटतात. शाम्पू बोटांनी फक्त टाळूला चोळ. खालच्या केसांना फेस ओघळतो तेवढा पुरे. मग कंडिशनर घे, आणि तो सढळ हाताने घे. कानाखालच्या केसांना लाव, आणि तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर येत गुंता काढ. कंगव्याचं काम तिथे संपलं. पुढच्या न्हाण्यापर्यंत तो कपाटात.

यापुढचा भाग खरा महत्त्वाचा, इथे घाई करू नकोस. कंडिशनर धुतल्यावर केस पिळायचे नाहीत. निथळत्या केसांसकट पुढे वाक, सगळे केस चेहऱ्यावर येऊ देत. सुपारीएवढं जेल दोन्ही तळव्यांवर पसरून आधी वरवर फिरव. मग टोकं ओंजळीत घेऊन मुठीने डोक्याकडे दाब, सोड, पुन्हा दाब. पाणी पुरेसं असेल तर पचपच असा आवाज येतो. येत नसेल तर आणखी पाणी घे. दहा-बारा मुठी झाल्या की वळणं आपोआप गोळा झालेली दिसतील. मग जुना सुती टी-शर्ट घे आणि त्याच्यातच तशाच मुठी दाबत पाणी टीप. टर्किश टॉवेल नको, आणि पंचा झटकणं तर नकोच. त्यानंतर केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे सगळ्यांत अवघड, मला माहीत आहे. वाळल्यावर केस कडक लागतील, घाबरू नकोस. बटेभोवती जेलचा पापुद्रा बसलेला असतो, त्याच्या आतच वळण पक्कं झालेलं असतं. खोबरेल तेलाचा एक थेंब तळव्यांना चोळून केस हलके चुरगळ, कडकपणा जाईल आणि बटा मोकळ्या होतील.

पावसाळ्यात केस वाळतच नाहीत ही तक्रार खरी आहे. पंख्याखाली बसलीस तर तो वारा बटा फोडतो. हेअर ड्रायरला लावायचा चाळणीसारखा डिफ्यूझर मिळतो तो घे, आणि कमी गरम, कमी जोर ठेवून वाळव. रात्री सगळे केस डोक्यावर घेऊन सैल अंबाडा, त्याला मऊ कापडाचं रबर, आणि उशीला साटीनचा अभ्रा. सकाळी ओल्या हाताने दोन-चार मुठी दाबल्या की झालं.

बाटल्यांबद्दल म्हणाले होते. लेबलवरच्या यादीत जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं, म्हणून पहिली पाच-सहा नावं वाच. ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात ते केसांत इतकं पाणी आणतं की केस फुगतात, आणि लातूरच्या मे महिन्यात हवेत पाणीच नसल्यामुळे केसांतलं ओढतं. तेव्हा सध्या ज्या जेलमध्ये ग्लिसरिन खूप वर आहे ते बाजूला ठेव. पॉलिक्वाटर्नियम किंवा पीव्हीपी लिहिलेलं दिसलं तर घे, पापुद्रा धरतात ते हेच पदार्थ. सेटिल अल्कोहोल, सेटिअरिल अल्कोहोल या नावांना भिऊ नकोस, ती मेणचट आणि केसांना मऊ करणारी असतात. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेटमध्ये "सल्फेट" दिसतं म्हणूनही बाटली परत ठेवू नकोस. तो कंडिशनरमधला फार गुणी घटक आहे. सिलिकॉनवर हल्ली फार राग निघतो, मला तो अतिरेक वाटतो. केस जड वाटू लागले की अधूनमधून नेहमीच्या फेसाळ शाम्पूने एकदा धुवायचे, बास.

जेल विकतच आणलं पाहिजे असं नाही. आपल्याकडे चटणीला जवस असतो तोच घे. एक वाटी जवसाला आठ वाट्या पाणी घालून मध्यम आचेवर ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाणी बुळबुळीत होतं आणि चमच्यावरून तार सोडायला लागतं, तिथे लगेच गॅस बंद. गरम असतानाच मलमलीतून गाळायचं, गार झालं की थेंब उतरत नाही. हे फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं. तुझ्या हॉस्टेलमध्ये फ्रिज नाही, म्हणून हा प्रयोग सुट्टीत घरी आल्यावर कर. आणि जुलैच्या मुंबईत नुसत्या जवसाचा पापुद्रा टिकणार नाही, त्यावर थोडं विकतचं जेल लागेलच.

आजीच्या तेलाबद्दल तू लिहिलंस की मैत्रिणी हसतात. हसू देत. २००३ साली मुंबईतल्याच आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून लेख लिहिला. त्यात केसांतलं प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण खोबरेलाने कमी झालं, बाकी दोन्ही तेलांनी नाही. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. आजी शनिवारी रात्री तेल लावून रविवारी न्हायला घालायची, ते धुण्याआधीचं तेल अगदी बरोबर होतं. तेवढं चालू ठेव, कानाखालच्या केसांना. कोंडा असेल तर टाळूला मात्र तेल नको, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. दोन-तीन आठवड्यांत कमी झाला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

आता लग्नाचं. तोवर दोन महिने हातात आहेत, टोकं फाटली असतील तर एकदा केस कापून घे, पण वाळलेल्या, वळणं दिसत असलेल्या अवस्थेत. ओले ओढून कापले की वाळल्यावर वर चढतात. न्हायचं आदल्या दिवशी दुपारी, म्हणजे रात्रीपर्यंत पूर्ण वाळतील. सीमंतपूजनाला ते मोकळे सोड, आणि लग्नाच्या सकाळी मेकअपवाल्या मुलीने कंगवा उचलण्याआधीच तिला सांग की विंचरायचं नाही, बटा आहेत तशा उचलून अंबाड्यात पिना लाव आणि समोरच्या दोन सोडून दे. ती ऐकत नसेल तर मला हाक मार, मी शेजारच्या खोलीतच असेन.

तुझी,
आत्या