हवा सोडायची, हवा भरायची

‘उंटाचे तळपाय पसरट असतात, म्हणून तो वाळूत रुतत नाही.’ नाशिकला शाळेत भूगोल शिकवताना हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल! पण त्याचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला तो मस्कतला आल्यावर, आणि तोही गाडीच्या टायरकडे बघून.

गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत आम्ही वहिबाच्या वाळवंटात एक रात्र राहायला गेलो. मी, मंदार, दोन्ही मुले आणि नाशिकहून आलेले सासरे. नकाशावर आता त्याचे नाव ‘शरकिया सँड्स’ असे असते, पण जुने लोक वहिबाच म्हणतात. मस्कतपासून बिदिया सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. इब्रा मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना काळे-तपकिरी उघडे डोंगर असतात आणि मग क्षितिजावर एकदम केशरी भिंत उभी राहते. या टेकड्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत, काही तर 100 मीटरपर्यंत उंच. दोन रांगांच्या मधल्या सपाट पट्ट्यातून गाड्या आत जातात.

डांबरी रस्ता संपला की सगळे खाली उतरतात आणि टायरमधली हवा सोडतात. रस्त्यावर आमच्या गाडीत 35 पीएसआय हवा असते, ती 18 वर आणायची. बाबांना हे काही पटेना. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. “अगं, हवा कमी म्हणून मी ड्रायव्हरांना आयुष्यभर ओरडलो आणि तुम्ही मुद्दाम सोडताय?” मी त्यांना टायर दाखवला. हवा कमी झाल्यावर तो खाली बसला होता आणि जमिनीला टेकणारा भाग चांगलाच लांब झाला होता. तेच वजन जास्त जागेवर पसरले की चाक रुतत नाही. बाबा वाकून बघत राहिले. “म्हणजे उंटाचा पाय,” ते म्हणाले. माझे वाक्य माझ्याआधी त्यांनीच म्हटले!

रात्र सुरेख गेली. मुले टेकडीवरून घसरगुंडी खेळली, बाबांनी आकाशात सप्तर्षी शोधून दिले. दुसऱ्या दिवशी मात्र निघायला उशीर झाला आणि डांबरी रस्त्याच्या कडेला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते.

आता हवा भरायची. त्यासाठी घेतलेला छोटा कॉम्प्रेसर माझ्या निवडीचा होता. मंदार मोठा घ्यायचा म्हणत होता. “हवा ती हवाच. अर्ध्या किमतीत काम होतंय की,” असे मीच म्हटले होते. 6 रियालचे ते प्लास्टिकचे खोके. वर ठळक अक्षरांत 150 पीएसआय लिहिलेले. मला तेवढे पुरेसे वाटले. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये जोडले, खडखडाट सुरू झाला. पहिला टायर भरायला पंधरा मिनिटे लागली. दुसऱ्याला निम्म्यावर जळका वास आला आणि यंत्र थांबले ते थांबलेच.

एरवी त्या भागात हवा भरून देणारी टायरची दुकाने असतात. ईदमुळे जवळचे बंद होते. मंदार म्हणाला, हळूहळू पेट्रोल पंपापर्यंत जाऊ. बाबांनी दारच उघडू दिले नाही. “वाळूत ठीक आहे. डांबरावर कमी हवेत टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटते. पोरं बसलीयेत गाडीत.” त्यांचा आवाज त्या दिवशी वेगळा होता. मी मुलांना पाणी देत उभी राहिले आणि वाचवलेल्या रियालांचा हिशेब मनातल्या मनात करत राहिले.

तेवढ्यात एक ओमानी कुटुंब थांबले. त्या गृहस्थांनी आपला कॉम्प्रेसर काढला, दोन चिमटे थेट आमच्या बॅटरीला लावले आणि पंधरा मिनिटांच्या आत उरलेले तिन्ही टायर भरून दिले. तोवर त्यांच्या पत्नीने आम्हाला कहवा आणि खजूर दिले. पैशांचे नाव काढताच ते हसले, “मा फी मुश्किला!”

परतल्यावर रूवीच्या होंडा रोडवर मी स्वतः गेले, आणि या वेळी खोक्यावरचे मोठे आकडे सोडून बारीक अक्षरे वाचली. जास्तीत जास्त दाब किती, याला फारसा अर्थ नाही. आपल्याला 35 च हवा असतो. मिनिटाला किती लिटर हवा, हे बघायचे. आमच्या एका टायरला 18 वरून 35 वर न्यायला साधारण पाऊणशे लिटर हवा लागते, म्हणजे चारांना तीनशे. लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा असतो, त्यामुळे त्यावर चालणारे यंत्र लहानच असणार. बॅटरीला चिमटे लावायचे असतील तेच घ्यावे. सलग किती मिनिटे चालते आणि मग किती वेळ थंड करावे लागते, हेही विचारावे. वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचायला हवी. सिलिंडर धातूचा हवा. हे सगळे असलेला कॉम्प्रेसर 18 रियालला मिळाला. फार महागडे घ्यायची गरज पडली नाही.

वापरताना इंजिन चालू ठेवावे. यंत्र वाळूवर न ठेवता पायपुसण्यावर ठेवावे. दाब बघताना यंत्र थांबवावे, चालू असताना काटा जास्त दाखवतो. टायर तापलेले असताना भरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरची हवा पुन्हा तपासावी.

दिवाळी झाली की इथली हवा सुखद होते आणि वहिबाचे दिवस सुरू होतात. तुम्हीही बेत आखत असाल, तर फराळाच्या डब्यांआधी डिकीत कॉम्प्रेसर ठेवा आणि घरीच एक टायर भरून बघा. आमच्याकडे ते काम आता माझे. बाबा नाशिकहून फोनवर दर सहलीआधी विचारतात, “सूनबाई, हवा तपासली का?”