वडिलांचें गवत कापण्याचें यंत्र

वडील गेल्यापासून त्यांचें हातानें ढकलावयाचें गवत कापण्याचें यंत्र पडवींत गंजत होतें. भंगारवाल्यानें तें वजनावर मागितलें तेव्हां आम्हांस लाज वाटली.

कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून इंग्लंडांतील एडविन बडिंग यांनीं १८३० सालीं ही युक्ति काढिली. न्याय कात्रीचाच: फिरतीं पातीं खालच्या स्थिर पट्टीस जेमतेम शिवावयास हवींत. आमचीं एका टोंकास घांसत, दुसऱ्यास शिवतहि नसत. रॉकेल सोडून स्क्रू सैल केले, पट्टी सारखी बसविली, कानशीचा मोह आवरला आणि पात्यांस तेलांत कालविलेली कुरुंदाची पूड फांसून तीं उलटीं फिरविलीं. तीन रविवार गेले! अखेर कागद स्वच्छ कातरला गेला.

अंगणांत तो जुना खरखराट उठतांच आई माजघरांतून म्हणाली, "अहो, ऊन चढलं, पुरे आतां!"

आम्ही कांहीं बोललों नाहीं. उरलेलें गवत कापूनच थांबलों.