पाहुण्यांची कॉफी

आमच्या टोकावड्यातल्या घरात चहा सगळ्यांना मिळतो, कॉफी फक्त पाहुण्याला. म्हणजे मुलगी बघायला आलेल्यांना, नाहीतर मुंबईहून आलेल्या नातेवाइकांना.

आईची कृती सांगतो. एक कप म्हशीचं दूध, पाव कप पाणी, दोन चमचे साखर. उकळी आली की गॅस बंद. मग चमचाभर इन्स्टंट पावडर, वेलदोड्याची पूड आणि किसणीवर दोनदाच फिरवलेलं जायफळ. जायफळ उकळू नका, वास वाफेबरोबर उडून जातो. जास्त पडलं तर कडू लागतं. डिसेंबरात माळशेजकडून गार वारा सुटला की हिच्यापुढे कॅफेतली दोनशे रुपयांची कॉफी फिकी. (कॅफेवाले जायफळ का घालत नाहीत, देव जाणे.)

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आईला डालगोना करून दाखवली. कॉफी, साखर, गरम पाणी सारखं घेऊन फेस येईपर्यंत फेटायचं; साखरेमुळे मिश्रण दाट होतं, म्हणून बुडबुडे टिकतात. आई म्हणाली, "ही तर आपली फेटलेली कॉफी. कोरियाची कधी झाली?"

मग ऑफिस सुरू झालं, मी पुण्याला गेलो. मागच्या थंडीत घरी पोचलो, तर आईने न विचारता बशीसकट कप पुढे केला. जायफळाचा वास. बाबा शेजारी स्टीलच्या पेल्यात चहा पीत होते.

"मला चहा नाही?"

"चहा काय रोजचाच. तू कुठे रोज असतोस?"

कॉफी मस्त होती. दुसऱ्या दिवशी आईच्या आधी उठून मी चहा टाकला, तीन पेले.