न्हाणीघरातील दिवा

घर सजविताना माणूस दिवाणखान्यातील दिव्यांचा जितका विचार करतो, त्याच्या शतांशही न्हाणीघरातील दिव्याचा करीत नाही. छताच्या मध्यभागी एक दिवा आणि दाराबाहेर एक बटण, एवढ्यावर आपली कल्पनाशक्ती संपते. मीही या नियमाला अपवाद नव्हतो. पण इगतपुरीच्या आमच्या जुन्या घराचे न्हाणीघर नव्याने बांधण्याचा प्रसंग आला, आणि त्या चिमुकल्या खोलीने मला महिनाभर विचार करावयास लावले.

प्रसंग आनंदाचा नव्हता. गेल्या आषाढात एका रात्री आई तेथे पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, परंतु हात कित्येक दिवस गळ्यात बांधून ठेवावा लागला. मी काहीसा रागानेच विचारले, “दिवा का नाही लावलास?” ती म्हणाली, “तो दिवा लावला की डोळ्यांत सुया टोचतात रे. आणि परत येताना तर काहीच दिसत नाही.”

मी निरुत्तर झालो. तो पांढराशुभ्र, लखलखीत दिवा मीच दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने बसविला होता. आईला स्वच्छ दिसावे, हाच त्यात हेतू होता!

मग मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड अधिक हवा. परंतु त्याच डोळ्यांना झगमगाट मात्र कमी सोसतो. शिवाय अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि क्षणभराच्या लखलखाटाने ती सारी कमाई बुडते. म्हणजे आईला दिवसा जास्त उजेड हवा आणि मध्यरात्री अगदी थोडा. एकच बटण आणि एकच दिवा यांना हे कसे साधावे?

शेवटी मी कागदावर आराखडा काढला. आरशाच्या दोन्ही बाजूंस डोळ्यांच्या उंचीवर दोन दिवे. कारण माथ्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते व दाढी करणाराची फजिती होते. स्नानासाठी आणि फरशी घासण्यासाठी छताला एक मोठा दिवा. आणि रात्रीसाठी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नुसती फरशी व उंबरठा दाखविणारा एक पिवळसर दिवा. छताच्या आणि आरशाच्या दिव्यांना उजेड कमीजास्त करणारे डिमर.

वायरमनने तो कागद पाहिला आणि मान हलविली. “काका, डिमरवर वाटेल तो एलईडी चालत नाही. दिवा फडफडतो.” त्याचे म्हणणे खरे होते. पूर्वी दिवा मंद करावयाचा तर वाटेत रोध घालून जास्तीची वीज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकीत. आजचा साधा डिमर प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा काही भाग कापून टाकतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा दिव्याची वीज क्षणभर तोडतो. जुना तारेचा दिवा तेवढ्यात थंड होत नसे, म्हणून त्याला ते कळतही नसे. एलईडीच्या पोटातील यंत्रणा मात्र त्यासाठीच घडविलेली असावी लागते. तेव्हा खोक्यावर ‘डिमेबल’ असा छाप पाहूनच दिवे आणले, तेही २,७०० केल्विनचे, पिवळ्या छटेचे. इगतपुरीच्या पावसाळ्यात भिंतींनाही घाम सुटतो. म्हणून बटणे दाराबाहेर कोरड्या जागी, दिवे पाणी आत न शिरणारे, आणि ३० मिलिअँपिअर वीज गळताच प्रवाह तोडणारे यंत्र फळ्यावर, एवढे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतले.

काम पुरे झाल्यावर मी आईला डिमरचे बटण फिरवून दाखविले. तिने ते दोनदा स्वतः फिरविले आणि हसून म्हणाली, “अरे, ही तर कंदिलाची वात!”

मला एकदम आठवले. वडील रेल्वेत गार्ड होते. सदतीस फुटांस एक फूट असा तो थळघाटाचा चढ. त्यावरून आगगाड्या १९३० पासून विजेवर धावत होत्या, पण आमच्या घरची वीज पहिल्या वादळालाच जाई. वडील अपरात्री भिजून येत. आई न्हाणीत कंदील वात बारीक करून ठेवी, म्हणजे आम्हां मुलांची झोप मोडू नये. त्यांची चाहूल लागली की ती उठून वात मोठी करी आणि ते हातपाय धुऊन आत गेले की पुन्हा बारीक करी. मी महिनाभर कागदावर जे रेखाटीत होतो, ते ती कित्येक वर्षे रोज रात्री हाताने करीत आली होती. दिवा आणण्यापूर्वी तिला एक शब्द विचारला असता, तर!

आता रात्री घाट चढून आलेल्या गाडीच्या आवाजाने मला कधी जाग येते. दाराखालून पिवळ्या उजेडाची रेघ दिसते. थोड्या वेळाने कडी वाजते, आईची पावले अंथरुणापर्यंत पोचतात, आणि मग मी कूस बदलतो.