वाऱ्याची वाट

सिल्व्हासाचा पाऊस असा कोसळतो की मिरचीची कोवळी रोपे उघड्यावर तग धरीत नाहीत. तेव्हा शाळेच्या परसात लहानसे हरितगृह उभारावे, असे आमच्या मनाने घेतले. काचेचा विचार आम्ही केला नाही. १८५१ साली पॅक्स्टन नावाच्या माळ्याने लंडनात काचेचा महाल उभारला खरा. परंतु तेथे ऊन कोंडायचे असते, येथे ते हाकलायचे! एवढे शहाणपण ठाऊक असूनही आम्ही बाजारातले स्वस्त, पारदर्शक प्लास्टिक आणले आणि चारी बाजू बंद केल्या.

"सर, वाऱ्याला वाट ठेवा," आमचा वारली शिपाई म्हणाला. आम्ही हसलो.

एप्रिलअखेरच्या एका रविवारी शाळा बंद होती. सोमवारी पाहतो तो सारी रोपे उकडून गेलेली. सातवीच्या मुलींनी ती मोजून पेरली होती. एकीने काही न बोलता काड्या उपटून ओच्यात घेतल्या. आम्हांला तिच्याकडे पाहवेना.

यंदा छपराला दोनशे मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा कागद आहे. साधे प्लास्टिक एका मोसमात कडकडून फाटते, हा तीनेक वर्षे चालतो. बाजूंना केवळ कीटकरोधक जाळी. उन्हाळ्यात वर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी पसरतो, आणि पावसाळी अंधारात रोपे किडकिडीत होऊ नयेत म्हणून आभाळ भरताच ती काढतो.

दार कोठे ठेवावे, हे या खेपेस आम्ही शिपायालाच विचारले. त्याने नैर्ऋत्येकडे बोट दाखवले.