सांगण्यास संकोचलो ते दुखणे

वाचकहो, काही दुखणी माणूस चारचौघांत सांगतो, काही केवळ घरात सांगतो आणि काही घरातही सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात मला झालेले दुखणे या तिसऱ्या प्रकारातले होते. वयाच्या ७२व्या वर्षी, एका रात्री डाव्या वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाली. पत्नीने विचारले तेव्हा ‘पोटात वायू धरला आहे’ असे सांगून मी कूस बदलली. शेजारच्या खोलीत मुलगा आणि सून झोपली होती. त्यांना उठवून काय सांगावे, हा प्रश्न मला वेदनेपेक्षा मोठा वाटला. पहाटे कळ कमरेत शिरली, तेव्हा कुठे मुलाला जवळ बोलावून मी खरे काय ते सांगितले.

रुग्णालयात शल्यविशारदांनी प्रथम दुखरी जागा तपासली. तेथे सूज नव्हती, लाली नव्हती, दाबूनही वेदना वाढत नव्हती. वृषणाला पीळ पडला असता किंवा जंतुसंसर्ग झाला असता, तर मी हातही लावू दिला नसता. हर्नियाही नव्हता. मूतखड्याची शक्यता होती, पण डॉक्टरांनी विचारले, “धूम्रपान?” तीस वर्षे केले, बारा वर्षांपूर्वी सोडले, असे मी म्हणालो. त्यांनी बेंबीच्या वर तळहात अलगद ठेवला आणि त्यांची मुद्रा गंभीर झाली. हाताखाली काहीतरी ठोक्याठोक्याने उडत होते.

सोनोग्राफीने उलगडा केला. पोटातील महाधमनी सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते; माझी फुगून ६.५ सेंटिमीटर झाली होती. यास धमनीविस्फार म्हणतात. पुरुषांमध्ये तो ५.५ सेंटिमीटरपर्यंत वाढला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुखू लागला तर मात्र वाट पाहत नाहीत, कारण तो फुटला तर अनेक रुग्ण रुग्णालय गाठण्यापूर्वीच दगावतात. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे १९५५ साली निधन झाले ते याच विकाराने.

मग वेदना वृषणात का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे माझे झाले होते. डॉक्टरांनी समजावले ते असे : गर्भावस्थेत वृषणे पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू सोबत आणतात. म्हणून वर पोटात या तंतूंवर दाब आला की कळ खाली जाणवते. असे क्वचितच घडते, आणि म्हणूनच ते नजरेतून निसटते.

सीटी अँजिओग्राफीनंतर त्याच दिवशी जांघेतील धमन्यांवाटे महाधमनीत आवरण घातलेला स्टेंट बसविण्यात आला. पोट उघडावे लागले नाही. आठवड्याभरात मी घरी आलो. रक्तदाबाच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने स्कॅन मात्र आता जन्माचे सोबती आहेत.

आपणांस सांगावयाचे ते इतकेच. वृषणातील अचानक वेदना कोणत्याही वयात तातडीची समजावी. पीळ पडला असेल तर पहिले सहा तास मोलाचे असतात. साठी ओलांडलेल्या पुरुषास, विशेषतः धूम्रपान केलेल्यास, अशा वेदनेबरोबर पोट वा पाठ दुखू लागली, घाम फुटला, घेरी आली, तर शेक, मालीश, काढा यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पासष्टीनंतर एकदा पोटाची सोनोग्राफी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनो, ‘काही नाही, जरा वायू आहे’ या उत्तरावर थांबू नका. पुन्हा विचारा, एकांतात विचारा. माझा मुलगा त्या पहाटे हसला नाही, की त्याने नजरही चुकवली नाही. “बाबा, चप्पल घाला, निघू या,” एवढेच तो म्हणाला.