आडनावाचा पत्ता

आमच्या बॉस्टनच्या टीममध्ये एक मर्फी आहे. पणजोबा आयर्लंडहून बोटीने आले, एवढंच त्याला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात पठ्ठ्याने चार-पाच विकांत घालवून पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधली, तीही घरबसल्या. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक चर्चची जुनी रजिस्टरं २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन टाकली आहेत. डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना १९२२ मध्ये जळाला, जुन्या जनगणनेचे बरेचसे कागद त्यात गेले. पण ही रजिस्टरं वाचली. आणि जनगणनेचं भोक बुजवायला लोक कर आकारणीसाठी झालेली १८४७ ते १८६४ ची जमीनपाहणी वापरतात म्हणे. कुळं शोधायची सातबाऱ्यावरून! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

तर मंडळी, आमचं आडनाव परांडेकर. गाव मात्र तुळजापूर तालुक्यात. परांड्यात राहणाऱ्याला कोणी परांडेकर म्हणत नाही, तिथे सगळेच परांड्याचे. 'कर' चिकटतं ते गाव सोडल्यावर, नव्या गावातले लोक "कुठले हो तुम्ही?" विचारतात तेव्हा. नळदुर्गकर, औसेकर, तुळजापूरकर, सगळ्यांची हीच कथा. मर्फीकडचे 'ओ' आणि 'मॅक' म्हणजे अमक्याचा नातू, तमक्याचा मुलगा. आपल्याकडे बापाचं नाव मधे असतं आणि आडनावात सोडलेल्या गावाचा पत्ता. डेटा मॉडेल म्हणून आपलं जास्त चांगलं आहे, हे मी मर्फीला ऐकवलंही.

मला या शोधात पडायचं कारण वेगळं होतं. बाबांचे धाकटे काका, तात्या, १९७२ च्या दुष्काळात बायको आणि दोन पोरांना घेऊन मुंबईला गेले. गिरणीत लागले. दिवाळीला पत्र यायचं, कधीमधी मनीऑर्डर. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकच पत्र आलं आणि मग काहीच नाही. आजोबा एकदा मुंबईला जाऊन आले, तर चाळीतली खोली दुसऱ्याच कोणाच्या नावावर. आजोबा गेले तेव्हा भावाला कळवायला पत्ता नव्हता. बाबा आता पंचाहत्तरीचे आहेत. एरवी कमी बोलतात, पण हल्ली जेवताना मधेच विचारायचे, "तात्याची पोरं काय करत असतील रे?"

धाराशिवचे कागद म्हणजे एक प्रकरण आहे. जिल्ह्याचंच नाव आधी नळदुर्ग, मग उस्मानाबाद, आणि २०२३ पासून धाराशिव. मधे १८५३ ते १८६० कारभार इंग्रजांकडे, पुन्हा निजामाकडे. म्हणजे १९४८ च्या आधीची महसुली कागदपत्रं बहुतेक उर्दूत. औसा, निलंगा वगैरे तालुके १९८२ मध्ये लातूरला गेले, त्यामुळे कुठला कागद कुठल्या हापिसात, हाही प्रश्न. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमल्यापासून आमच्या गावात 'खासरा पत्रक' हा शब्द शाळकरी पोरांनाही पाठ झालाय. आमचं खासऱ्यातलं नाव मिळालं. पण खासरा जमिनीचा माग ठेवतो, आणि तात्या तर जमीन सोडून गेलेले.

आपल्याकडे चर्चच्या रजिस्टरांच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे तीर्थोपाध्यांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार. कोणाची अस्थी घेऊन गेलं की उपाध्ये तुमच्याच हाताने नोंद लिहून घेतात: बाप, आजा, भाऊ, मुलं, गाव, तिथी, खाली सही. गावागावांची घराणी ठरलेली, त्यामुळे रामकुंडावर चार जणांना विचारलं की पाचवा तुमचाच निघतो. गूगलच्या कितीतरी आधीचं इंडेक्सिंग!

मार्चमध्ये बाबांना घेऊन गेलो. गुरुजींनी गाव विचारलं, बाबांनी सांगितलं. वहीत काही नाही. मग आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर गुरुजी हसले. "मग परांडा बघू की." आतून लांबलचक, लाल कापडात बांधलेली वही आली. शके १८४२, मोडीत, माझ्या खापरपणजोबांचं नाव. मला एक अक्षर कळलं नाही, गुरुजी भरभर वाचत गेले. त्याच घराण्याखाली पुढे बाळबोधीत एक नोंद होती. १९९२. तात्यांचं अक्षर बाबांनी नाव वाचायच्या आधी ओळखलं. 'त' ची शेपटी खाली ओढायची सवय दोघा भावांना होती, आजोबांचाही 'त' तसाच.

काकूंच्या अस्थी घेऊन आले होते. काकूंचं नाव, दोन मुलांची नावं, एका नातवाचं. पत्ता नायगावचा, चाळीचं नाव आणि खोलीचा नंबर. आणि भावाच्या जागी आजोबांचं नाव, त्यापुढे गाव लिहिलेलं. १९९२ ला आजोबा हयात होते. म्हणजे तात्यांना गाव आठवत होतं, भाऊही आठवत होता. मग पत्र का नाही? नोकरी गेल्याची लाज असेल असं मला वाटतं. बाबांना तसं वाटत नाही, त्यांच्या मते तात्या रागावले होते. गाडीत संगमनेरपर्यंत आम्ही यावरच भांडलो.

नायगावला जाऊन आलो. चाळीच्या जागी बावीस मजली टॉवर आहे. वॉचमनने सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर दिला, त्यांनी जुन्या भाडेकरूंची यादी बघतो म्हणून सांगितलंय. तिसऱ्यांदा फोन करायचा आहे.

हां, आणि नाशिकला निघताना गुरुजींनी आमचीही नोंद करायला लावली. बाबांनी आईचं नाव लिहिलं, माझं, बायकोचं. मुलीचं लिहिताना थांबून गुरुजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहा की, हल्ली लिहितात." मग त्यांनी तात्यांच्या नोंदीशेजारच्या समासात जागा मागितली आणि तिथे माझा मोबाइल नंबर लिहिला, दहाही आकडे सुटे सुटे करून.